घण खाली ठेवायची वेळ

परवा नेऱ्याकडून येताना रिक्षात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा. टोक कागद फाडून बाहेर आलेलं. मला राहवतंय का? म्हटलं, "बघू का जरा?" तिनं कागद सोडला. मी अंगठा आडवा धरून दात्यांवरून फिरवला, पाठीवर नखानं टिचकी मारली आणि विळा कानाशी नेला. बाई थोडी सरकून बसली.

"काय बघता ओ?"

"पाणी कसं दिलंय ते."

"नवीनच हाय. बाजारातून घेतला," असं म्हणून तिनं विळा परत गुंडाळला आणि पलीकडच्या बाजूला ठेवला. माझ्यापासून लांब.

तिचं काही चुकलं नाही. चौसष्ट वर्षांची, चष्मा लावलेली, हातात भाजीची पिशवी असलेली बाई दुसऱ्याच्या विळ्याला टिचक्या मारायला लागली तर माणूस सरकणारच. बाहेर शेतं कडेकडेनं पिवळी पडली होती. बांधाजवळचं भात आधी पिकतं, मधलं मागून. नवरात्र संपत आलं की दरवर्षी हे असंच होतं, पण माझं लक्ष आधी कधी नव्हतं. माहेर माझं कोन गावचं, आगऱ्याची पोर, कापणी लहानपणी भरपूर केली. पण तेव्हा विळा म्हणजे हाताला लागतो तो, एवढंच ठाऊक. तो कुणीतरी तापवतो, ठोकतो, त्याला दाते काढतो, हे डोक्यातच नव्हतं. शेतकऱ्याचा हंगाम सुरू होतो त्याच्या पंधरा दिवस आधी लोहाराचा सुरू झालेला असतो. हे मला कळलं ते साठी उलटल्यावर, आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका कापणीत जरा जास्तच कळलं.

त्या कापणीबद्दल लिहायचं कधीचं मनात आहे. फार मोठं काही घडलं नाही त्यात. कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही. पण काही गोष्टी मी इतक्या जवळ उभी राहून पाहिल्या की त्यांची धग लागली आणि मी मात्र त्यातली कुणीच नव्हते. असं पाहायला मिळणं हेही एक नशीबच म्हणायचं.

मी पनवेलच्या एका शाळेत शिपाई होते. मुलं मावशी म्हणायची. शिक्षण सातवी. बाकीचं वाचन केलं ते लायब्ररीची कपाटं पुसता पुसता. एक पुस्तक पुसायचं, चार पानं वाचायची. त्यामुळे कपाटं पुसायला मला फार वेळ लागतो, अशी लायब्ररीच्या बाईंची तक्रार असायची. आणि एकोणतीस वर्षं मी त्या शाळेची घंटा वाजवली. घंटा म्हणजे जांभळाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी दांडा. रोज दहा-बारा वेळा लोखंडावर लोखंड. निवृत्त झाले आणि पहिले दोन महिने साडेदहा वाजले की मी घरात उगाच उठून उभी राहायची. आमचे हे तळोज्याच्या एका कारखान्यातून माझ्याआधीच निवृत्त झालेले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "बस. सुट्टी झाली शाळेला."

बायका सांगायच्या, भजनाला ये, योगाला ये. गेले. भजनात माझा आवाज बाकीच्यांच्या वर जातो आणि योगात बोलायचं नसतं. दोन्ही जमलं नाही.

मग एकदा घरची विळी बोथट झाली. माझी विळी जुनी, सासूबाईंची, नारळाची खवणी तिलाच. भावजय म्हणाली, नेऱ्याच्या रस्त्याला चिंचेखाली एक लोहार आहे, तो पातं शेवटून देतो. शेवटून म्हणजे तापवून, ठोकून, धार पुन्हा बारीक करून. मी विळी पिशवीत घालून गेले. पत्र्याची शेड, आत अंधार. मला वाटलं वीज गेली. नंतर कळलं, तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात दिसत नाही म्हणून तिथं मुद्दाम अंधार ठेवतात. भात्याच्या जागी विजेचा छोटा पंखा बसवलेला, पण त्याला अजून भाताच म्हणायचे.

आणि त्या अंधारात नवराबायको काम करत होती. धोंडूदादा बसलेले, डाव्या हातातल्या सांडशीत लाल पातं, उजव्यात छोटी हातोडी. समोर हिरावयनी उभ्या, कासोटा घातलेलं नऊवारी, दोन्ही हातांत घण. दादा हातोडीनं पात्यावर टिक करायचे, की त्याच जागी वयनींचा घण. टिक, धाड. टिक, धाड. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणी कुणाकडे बघतही नव्हतं. त्यांच्यात ही पद्धतच आहे. पुरुषानं धरायचं, बाईनं मारायचं. वयनी लग्न होऊन आल्या तेव्हा हळद उतरायच्या आत सासूनं हातात घण दिला होता. तेव्हापासून चाळीस वर्षं तोच हातात.

माझी विळी झाली. मी तिथंच उभी.

"अजून काय हाय का बाय?" वयनींनी विचारलं.

"मला एक मारून बघू दे की."

त्या हसल्या. पुढचा एक दात नाही त्यांना, हसल्या की तिथं अंधार दिसतो. "हात उतरंल तुमचा."

"एकोणतीस वर्षं घंटा बडवलीय मी."

"घंटा काय लाल नसती," धोंडूदादा म्हणाले. पण हातोडी त्यांनी टिक केली होती. माझा पहिला घाव ऐरणीच्या कडेवर बसला आणि झिणझिण्या दातांपर्यंत गेल्या. दुसरा बरा बसला. तिसऱ्याला मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. बोलावंसं वाटलं नाही, एवढंच सांगते. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लोक पेन्शन मिळाली की काशीला जातात. तू ऐरणीवर जा."

गेले. आठवड्यातून तीन दिवस. सकाळी डबा करून, जुना पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट. धोंडूदादांनी मला शिकवलं असं म्हणवत नाही, कारण ते शिकवायचेच नाहीत. हातोडी शिकवायची. पात्यावर टिक म्हणजे मार. हळू टिक म्हणजे हळू मार. ऐरणीच्या कोपऱ्यावर दोनदा टिकटिक म्हणजे थांब. पहिल्या दिवशी मी प्रत्येक घावाला विचारत होते, "इथं का? आता? अजून एक?" दादांनी हातोडी खाली ठेवली आणि बायकोला म्हणाले, "ह्यांचा भाता बंद कर गं आदी."

तेव्हापासून तोंड मिटलं. दिवसाचे तीन तास. घरचे सगळे धोंडूदादांचे आभारी आहेत.

पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा मी माझी पहिली सुरी केली. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा दादांनी दिला. तापवायचा, लांबवायचा, पुन्हा तापवायचा. एका तापवण्याला एक ताव म्हणतात. मला सुरीला एकोणीस ताव लागले, दादांना चार लागतात. कानशीनं घासून घासून हाताची सालं निघाली. मूठ शिसवीची, जुन्या पलंगाच्या पायाची. ह्यांनी ती हातात घेतली, खिडकीपाशी नेली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "बोंबील छान झालाय." वाकडी होती हे खरं. पण त्या वाकड्या सुरीनं मी त्या दिवशी कांदा चिरला आणि पाती मोजता येतील अशी वेगवेगळी झाली. कांद्याकडे बघत मी थोडा वेळ ओट्याशी उभी राहिले. आयुष्यात हजारो कांदे चिरले असतील. आपण केलेल्या वस्तूनं चिरलेला तो पहिला.

आता मागच्या अंगणात माझी स्वतःची छोटी भट्टी आहे, जुन्या ब्रेकड्रमची. शेजारपाजारच्यांना सुऱ्या करून देते. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं म्हणतात, म्हणून मी ती कट्ट्यावर ठेवते आणि घेणारी उचलते. मजा वाटते मला. घडवताना एवढा आवाज आणि देताना हे असं, नुसतं ठेवून बाजूला होणं.

तर सगळ्यात अवघड काय? ठोकणं नाही. पाणी देणं. पातं कितीही सुंदर ठोका, पाणी चुकलं की गेलं. शेवटच्या तावाला पातं लाल काढायचं. वाकलं असेल तर घणाचे दोन हलके घाव. मग फक्त धार पाण्यात बुडवायची, चर्र, आणि लगेच बाहेर. विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करायची. पाठ अजून तापलेलीच असते, ती धग हळूहळू धारेकडे यायला लागते आणि तिच्याबरोबर रंग. आधी लिंबाच्या सालीसारखा पिवळा. मग मधासारखा. मग वांग्याचा. मग मोरपंखी निळा. सुरीला लिंबू हवं, विळ्याला मध, कोयत्याला वांगं. तो रंग आला त्या क्षणी सगळं पातं पाण्यात. घाई केली तर धार कडक होते, काचेसारखी तुटते. उशीर केला तर मऊ पडते, वळते. हा सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा.

मी तो खेळ पाहायची. दादा पातं सांडशीत धरून पाण्यावर थांबलेले. वयनी दोन घाव घालून घण हातातच धरून उभ्या. खांद्यावर नाही, खाली नाही, वीतभर उचललेला. मला वाटायचं, केवढी ताकद बाईच्या हातात, उगाच दाखवतात. मग त्या घण खाली ठेवायच्या, धप्प, आणि दादा पातं बुडवायचे. मी सगळं पाहिलं. समजलं मात्र काही नाही.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वयनींचा उजवा खांदा धरला. हात वेणीपर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने जड काही उचलायचं नाही. आणि शेडमध्ये विळ्यांचे भारे येऊन पडलेले. एकेका गावाचे पंधरा-पंधरा, दोरीत ओवलेले, प्रत्येकाच्या मुठीला ओळखीची चिंधी. धोंडूदादा माझ्याकडे बघून म्हणाले, "येता का रोज?"

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वयनींच्या खांद्याचं वाईट वाटायच्या आधी झाला. आता लिहिताना लपवून काय करायचं?

मी रोज जायला लागले. वयनी भात्यापाशी पोत्यावर बसायच्या, डाव्या हातानं कोळसा सारायच्या. आणि त्यांना राहवायचं नाही. "वर मारा, वर. येवढा जोर कशाला? दांडा सैल धरा." इकडे दादांची हातोडी एक सांगतेय, तिकडून वयनींचं तोंड दुसरं. मी मधे. दोन विळे बिघडले. दादा म्हणाले, "तू आत जाऊन बस बगू."

त्या उठल्या आणि शेडमागच्या खोलीत गेल्या. नंतर चहा आणायलाही बाहेर आल्या नाहीत. दुपारी मी हातपाय धुवायला मागे गेले तर त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. मी म्हटलं, "वयनी, बरं वाटतंय का?"

तांदळातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "तुमाला घरात करमत नाय म्हणून तुमी घण मारता. मला घण नाय म्हणून करमत नाय. येवढाच फरक हाय, बाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रिक्षाचा रंग पिवळा असतो, असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मी सुपातला एक खडा उचलून टाकला आणि परत घणाकडे गेले. गेले, हे महत्त्वाचं. घरी नाही गेले. कारण विळे पडले होते, हे कारण होतंच. आणि मला जायचं नव्हतं, हेही होतं.

दसऱ्याला ऐरणीची पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, पाच प्रकारची हत्यारं ओळीनं. घणाला कुंकू दर वर्षी वयनी लावायच्या. त्या वर्षीही त्यांनीच लावलं, डाव्या हातानं. मग करंडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमीबी लावा. आता तुमचा हाय." बाजूला धोंडूदादा दिवा लावत होते, त्यांनी ऐकलं नसावं. मी लावलं नाही. म्हटलं, माझी बोटं तेलकट आहेत.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या माहेरची जनाआत्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली. वडिलांची चुलतबहीण, सत्तरीची, अजून कापणीला पहिली ओळ धरणारी. कोनवरून दोन रिक्षा बदलून आली होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि ऐरणीवर काहीतरी ओतलं. विळ्याचे दाते. तांदळाच्या कण्यांसारखे.

"धोंडू, ह्यो तुझा विला रं? दुसऱ्या दिशी झरला. दात परलं त्याचं, माझ्यावानी!" तिनं तोंड उघडून दाखवलंही. मग मला पाहिलं. "आणि तू गो काय करतं इथं? घण मारतं? तरीच!"

मी म्हटलं, "आत्या, मी ठोकते नुसती, पाणी दादा देतात."

"मंग पानी चुकलं."

धोंडूदादांनी दाते बोटानं चाचपले. "कोळसा खराब आला औंदा," ते म्हणाले. "लोखंडबी आता पयल्यासारकं नाय."

"चालीस वर्सं तुझा विला वापरतंय. लोखांड ह्योच, हात बदललं," आत्या म्हणाली आणि पाण्याचा तांब्या न घेताच गेली. पुढच्या दोन दिवसांत अजून सहाजण आले. सगळ्यांचं एकच, दाते झडले. एकानं तर आपले न झालेले विळे भाऱ्यातून सोडवून परत नेले. काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

संध्याकाळी दादा कोळसा विझवताना म्हणाले, "ही कापणी झाली की बास. ऐरण देऊन टाकायची भंगारवाल्याला. ती मारनार नाय, आनि माजं पानी उतरलं." मागच्या खोलीत तांदळाचं सूप आपटल्याचा आवाज झाला. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होतं. शेवटचा ताव. मी दोन हलके घाव घातले, दादा धार बुडवून विटेनं घासेपर्यंत वयनींसारखा घण धरला, मग खाली ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसायला लागले. समोर सगळं पातं पाण्यात गेलं. आणि मागच्या दारात वयनी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग घणाकडे, मग दादांच्या हाताकडे. त्यांनी मला बोटानं मागे बोलावलं.

ओट्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घण ठेवल्या ठेवल्या चर्र वाजतं. कालपास्नं आयकते मी. तुमी घण कवा ठेवता?"

"हात भरून आला की. जड आहे की तो."

"रंग बगून नाय ठेवत?"

"रंग दादा बघतात ना."

त्या पायरीवर बसल्या. खांदा दुसऱ्या हातानं धरून. "त्याला तीन वर्सं रंग दिसत नाय," त्या म्हणाल्या. "सगळा धूर दिसतो म्हनला व्हता येकदा. पुन्ना काय बोलला नाय. मंग मी काय केलं, रंग बगायचा आनि घण ठेवायचा. मी ठेवला की तो बुडवतो."

"तुम्ही त्यांना सांगितलंत असं?"

"सांगायचं काय? लोहाराला दिसत नाय, हे सांगायचं?"

"मग त्यांना ठाऊक आहे का नाही?"

"मी इचारलं नाय. तो बोलला नाय. काम तर व्हत व्हतं."

पंधरा-सोळा दिवस मी दमून घण ठेवत होते आणि तो माणूस माझ्या दमण्यावर विळे बुडवत होता. रंग यायच्या आधीच. जनाआत्याचे दाते मी झाडले होते, तोंड पुसायच्या घाईत. चाळीस वर्षांच्या हातांकडून मी घाव तेवढा उचलला आणि ठेवणं मात्र सोडून दिलं, कारण ठेवणं हे मला काम वाटलंच नाही.

म्हटलं, "आता मला कळलं ना. मी बघीन रंग. मध आला की ठेवीन."

त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते आता मला बरोबर आठवतं. हे एवढं एकच काम आता बाईपाशी उरलं होतं. खांदा गेला, घण गेला. आणि मी तेही मागत होते. भलेपणानं मागत होते, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. मी जीभ चावली.

"नको," मी म्हटलं. "मला कुठला रंग कळतोय. माझा चष्मा धुरानं भरतो. तुम्हीच या."

चष्मा धुरानं भरत नव्हता. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्या उठल्या, पदर खोचला आणि माझ्या आधी शेडमध्ये शिरल्या.

त्या दिवसापासून कापणीभर आम्ही दोघींनी एक घण चालवला. घाव माझे. शेवटच्या तावाला दोन हलके घाव झाले की मी दांडा वयनींकडे द्यायची. त्या डाव्या हातानं घण वीतभर उचलून उभ्या राहायच्या. रंग चालत यायचा. लिंबू. लिंबाचा काठ जरा गडद. मध. धप्प. चर्र.

धोंडूदादांनी पहिल्या वेळी मान वर केली. "तू कशाला आलीस? खांदा दुखंल."

"बायला ठेवायला जड जातो," वयनी म्हणाल्या. "मारायला जोर हाय, ठेवायला नाय."

"त्या पुस्तकवाल्या बायका तशाच," दादा म्हणाले. हे माझ्यासमोर, हं. मी सोडून दिलं.

दाते झडायचे थांबले. जनाआत्याला नवा विळा वयनींनी मुद्दाम माझ्या हातून घरपोच पाठवला. आत्यानं नखानं टिचकी मारली, कानाशी नेला आणि म्हणाली, "आता बोलतंय." तो टिचकी मारायचा चाळा मला तिथून लागला. नेलेले विळेही परत आले. नेणाऱ्यानं आणून गुपचूप भाऱ्यात ओवले, जसे कधी गेलेच नव्हते.

मग दिवाळी. दिवाळीच्या फराळाला मी दोघांना घरी बोलावलं होतं. आमच्या ह्यांचं आदल्या वर्षीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि तो त्यांचा आवडता विषय. चकली खाता खाता ते सुरू झाले. "काय सांगू धोंडूशेठ, मला दोन-दोन चंद्र दिसायचे. ही तर मला कायम धुरातच दिसायची. ऑपरेशन झालं आणि कळलं, हिच्या कपाळाला आठ्या किती आहेत ते!" ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं, शपथ. वयनी खाली बघून करंजी मोडत होत्या. धोंडूदादांनी चकली पूर्ण खाल्ली, पाणी प्याले आणि म्हणाले, "दुकतं का?"

"छे! गाणी लावतात आत."

दहाव्या दिवशी हे त्यांना डोळ्यांच्या एका शिबिरात घेऊन गेले. आधी एक डोळा. पंधरा दिवस धूर नको, कोळसा नको. शेड बंद राहिली. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिरा पिकणारं गरवं अजून उभं होतं, थोडे विळे शिल्लक होते.

शेड उघडली त्या दिवशी थंडी पडली होती. दादा काळा चष्मा लावून आले, आत येऊन काढला आणि सगळीकडे बघत राहिले. "भिंत येवढी काळी हाय?" मग खुंटीवरचा एक विळा उतरवला. "ह्याचे दाते वाकडे कुनी काढले?"

"तुमीच," वयनी म्हणाल्या.

पहिला विळा त्यांनी घरचाच घेतला, गवत कापायचा. गिऱ्हाइकाचा घेऊन हात बघायचा नाही, म्हणाले. मी घाव घातले. दाते निघाले, आता सरळ, ओळीत. शेवटचा ताव आला. मी दोन हलके घाव घातले आणि दांडा पुढे केला.

वयनी दाराच्या चौकटीला टेकून होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आता तुमीच ठेवा. त्याला दिसतंय."

मी दांडा तसाच धरून उभी. दादांनी धार बुडवली, काढली, विटेनं घासायला लागले. वर पाहिलं नाही. मी दांडा अजून पुढे केला. शेवटी त्या आल्या आणि डाव्या हातानं घण घेतला. वीतभर उचलला.

रंग निघाला. लिंबू. मला स्वच्छ दिसत होतं, मग दादांना का दिसू नये? त्यांचा नवा डोळा पात्यापासून दोन वितींवर. मध आला. वयनींच्या हातातला घण हलला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रंगाकडे बघत नव्हत्या, नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. मध गडद झाला. सांडशी पाण्यावर थांबलेली, हलत नव्हती. वांग्याचा रंग टोकाकडून आत आला. मला ओरडावंसं वाटलं. तेवढी एकच वेळ मला त्या शेडमध्ये गप्प बसायला कष्ट पडले. मग सगळी धार मोरपंखी निळी झाली. इतकी सुंदर की काय सांगू. आणि विळा म्हणून पूर्ण वाया गेलेली.

तेव्हा वयनींनी घण ठेवला. धप्प.

दादांनी विळा पाण्यात बुडवला. चर्र झालं. बाहेर काढून कानस लावली. लोण्यासारखी चालली.

"मऊ पडला," ते म्हणाले.

"दिसत नव्हतं का?" वयनींचा आवाज बारीक झाला होता.

"दिसत व्हतं की. पिवळं झालं, जांभळं झालं, निळं झालं. सगळं दिसलं."

"मंग बुडवला का नाय?"

धोंडूदादांनी विळा परत कोळशात खुपसला आणि सांडशी ऐरणीवर ठेवली.

"तू घण ठेवलाच कुठं व्हतास?"

वयनींनी भात्याच्या पंख्याचं बटण दाबलं.